दोन गोळ्यांतली एक

माझा भाऊ एस्किल्ड मरायला टेकला तो स्वतःच्या सद्गुणापायी. आमच्या बेटावर हे असं बोललेलं कुणाला आवडत नाही. न आवडो.

आमच्या या लेसो बेटावर औषध ही सगळ्यात शेवटी करायची गोष्ट. पोराला ताप आला, पाणी पाज, खिडकी उघड, झोपू दे. डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टरही तेच सांगतो, आणि नाहीच उतरला तर पुन्हा ये म्हणतो. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पोस्टर आहे: जंतूंवरची औषधं जपून वापरा, उद्याच्या मुलांसाठी शिल्लक ठेवा. यात खोटं काही नाही. ऊठसूट औषधाचा मारा केला की जंतू निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध हात वर करतं. हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे. आमच्याकडून ते पाठ करून घेणारी आमची शिक्षिका थोरा अजून ताठ चालते, अजून शिकवते. ती शिकवते ते बरोबरच आहे. पण पाठ झालं की डोकं बंद करून टाकायचं, ही आमची खोड आहे आणि तिचा मला संताप येतो.

एस्किल्ड माझ्याहून थोरला. जन्मभर शेवंडं पकडली. वहिनी गेल्यापासून माझ्या शेजारच्या घरात एकटाच राहतो. त्या हिवाळ्यात तो वाळायला लागला. संध्याकाळी अंगात कसकस, सकाळी उशी घामानं ओली. विचारलं की म्हणायचा, "वय झालं, गुडरून." वय कसलं! आमचा बाप याच्याहून म्हातारा होता तेव्हा बोटीवरून उडी मारून धक्क्यावर उतरायचा. शेवटी एकदा जाळं ओढता ओढता हा डेकवर बसला तो उठेना. बरोबरच्यांनी त्याला आणून माझ्या दारात उभा केला, भिजलेल्या पोत्यासारखा. मग बेटावरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि थेट फेरीबोटीवर चढवला.

समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात मालेने नावाची डॉक्टर होती. आखूड केसांची, भरभर चालणारी. पण बोलायला खुर्ची ओढून बसायची.

"तुझ्या आतड्यात राहणारा एक जंतू रक्तात शिरला," ती एस्किल्डला म्हणाली, "आणि हृदयाच्या झडपेवर घरटं करून बसला. आतड्यात असतो तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. झडपेवर बसला की झडप कुरतडतो."

"मग मार त्याला."

"मारतेच आहे. पण भारी चिवट असतो. एका औषधानं नुसता गुंगतो, मरत नाही." तिनं टांगलेल्या दोन बाटल्यांकडे बोट केलं. "म्हणून ही दुसरी. गंमत अशी की ही दुसरी एकटी दिली तर त्याला काहीच होत नाही. बादलीभर ओतली तरी."

"मग देतेस कशाला? पाणी सोड की."

मालेने हसली. "ऐक तर. या जंतूला सारखी आपली भिंत बांधत राहावी लागते. त्याच्यापाशी गवंडी बरेच. पहिलं औषध त्यातल्या काहींचे हात बांधतं. उरलेले काम रेटून नेतात, भिंत उभी राहते. दुसरं औषध नेमकं त्या उरलेल्यांना धरतं. मग भिंत ढासळते."

एस्किल्ड छताकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोन बोटींनी ओढायचं जाळं. एक बोट थांबली की जाळ्याचं तोंड मिटतं. मासे बाहेर."

"अगदी तेच! हे मी पुढच्या पेशंटला सांगणार."

"माझं नाव घेऊन सांग," हा म्हणाला. तोंडावर मिशीएवढं हसू.

हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याला कळलं नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये. कळलं होतं. माझ्यासमोर कळलं होतं.

दोन बाटल्यांनी काम केलं. ताप उतरला, रक्त स्वच्छ आलं, हृदयाच्या चित्रात घरटं लहान झालेलं दिसलं. ऑपरेशन करून झडप बदलावी लागेल ही भीती होती, ती मागे पडली. मग मालेनेनं त्याला घरी पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे आता तशी पद्धत आहे, धोका टळला की उरलेलं औषधपाणी घरी, गोळ्यांवर. दर आठवड्याला फेरीबोटीनं येऊन रक्त द्यायचं. बाकी कुणी गोळ्या मोजायला येत नाही. या देशात माणसावर विश्वास टाकतात.

गोळ्याही दोन जातींच्या. एक पांढरी, जुनी ओळखीची, पेनिसिलीनच्या घरातली. दुसरी लाल. ती घरट्यात आतवर शिरते.

"लालमुळे लघवी केशरी होईल," मालेने म्हणाली. "घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं. घाबरू नकोस. पोट बिघडलं, काही झालं, तर मला फोन कर. पण मनानं एक बंद करायची नाही. कळलं?"

"कळलं की. दोन बोटी."

"दोन बोटी," ती म्हणाली.

घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात बंदरावर त्याची चेष्टा सुरू झाली. जाळ्यांच्या शेडमागे उभा राहून मोकळा होत होता, ते कुणीतरी पाहिलं. संपलं. "एस्किल्ड, हॉलंडच्या केशरी टीमकडून खेळतोस काय रे?" "बाजूला व्हा, गाजराचा रस येतोय!" तो हसण्यावारी न्यायचा. त्याचे कपडे मी धूत होते, तेव्हा बनियनच्या गळ्याशी, काखेत केशरी डाग पडायचे. कितीही उकळा, जायचे नाहीत. मी बडबडायचे आणि मनातून मला बरं वाटायचं. डाग आहे म्हणजे औषध अंगात आहे.

मग थोरा आली, रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन. मी तिथेच बटाटे सोलत होते. तिनं टेबलावरची गोळ्यांची पाकिटं चष्मा खाली ओढून वाचली, वर्गात वह्या तपासायची तशी.

"दोन-दोन?" ती म्हणाली.

"डॉक्टरनं सांगितलंय," एस्किल्ड म्हणाला.

"सांगणारच. तिकडे मोठ्या गावात त्यांना सगळं मोठंच लागतं. पण ताप गेला ना तुझा?"

"गेला."

"रक्त स्वच्छ?"

"आहे."

"मग? ही लाल तर राखून ठेवायची औषधं असतात त्यातली. क्षयावर देतात. एखाद्या लहान पोराला लागेल उद्या." केक कापत ती म्हणाली, "मी काही सांगत नाही हं. तू शहाणा आहेस. आपल्या बेटावरची माणसं कधी गरजेपेक्षा जास्त घेत नाहीत, एवढंच."

"थोरा, त्याचा केक त्याला खाऊ दे," मी म्हटलं.

"मी कुठे काय म्हटलं, गुडरून? तू लहानपणीही अशीच फिस्कारायचीस."

एस्किल्डनं केकचा घास घेतला. पण त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मला दिसलं. साठी उलटलेला माणूस, आणि बाईंनी शाबासकी रोखून धरल्यावर पोराचं होतं तसं तोंड.

पुढे बनियनवरचे नवे डाग कमी झाले, मग थांबले. मला वाटलं, शरीराला सवय झाली असेल. माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही, कारण मीही याच बेटाची. इथे माणूस हो म्हणाला की ते हो असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गावाच्या सभागृहात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. दरसाल असतं. कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, उकडलेले बटाटे, पार्सलीचा पांढरा सॉस, वर बियर. लांब टेबलं, बाहेर लख्ख उजेड, पोरं खुर्च्यांखालून धावतायत. एस्किल्ड माझ्या समोर बसला होता. ताटातलं मांस त्यानं नुसतंच इकडचं तिकडे केलेलं. ओठ पांढरे. मी म्हटलं, "खा की रे." तो म्हणाला, "उकडतंय." कुणालाही उकडत नव्हतं. बायकांनी खांद्यावर स्वेटर घेतले होते.

तेवढ्यात थोरानं काट्यानं ग्लास वाजवला. सगळे गप्प झाले. तिनं स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार मानले, वसंत उशिरा आला यावर दोन शब्द बोलली, आणि मग तिचा हात आमच्या टेबलाकडे वळला.

"आणि आपला एस्किल्ड! एवढ्या आजारातून उठला. आणि उठल्यावर काय केलं? दोन औषधं दिली होती, हा स्वतःहून एकावर आला. दुसरं आपल्या नातवंडांसाठी ठेवलं. मोठमोठ्या परिषदा भरवून लोकांना जे जमत नाही, ते आपल्या एका कोळ्यानं करून दाखवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. कुणी म्हणालं, "शाब्बास, एस्किल्ड!" आणि पेटी वाजवणारा गाण्याचं पान उघडायला लागला.

मी एस्किल्डकडे बघितलं. तो ताटात बघत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गुडरून, इथे नको."

"कधीपासून, म्हणते मी."

"पिन्सेच्या सणाआधीपासून. अगं, बरं वाटत होतं. लाल त्या मी डबीत घालून ठेवल्यात. फेकल्या नाहीत."

फेकल्या नाहीत! जणू माझा आक्षेप त्या वाया जाण्यावर होता.

मी उभी राहिले. ग्लासबिस वाजवला नाही. माझा आवाज तसाच सगळीकडे पोचतो.

"तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या याच्या मरणाला," मी म्हटलं. "दोन औषधं मिळून त्या जंतूला मारतात. एकानं तो नुसता झोपतो आणि परत उठतो. उठताना अंगातलं औषध ओळखून उठतो. अर्धं औषध घेऊन तुम्ही नातवंडांसाठी काही राखत नाही, त्यांच्यासाठी जंतूला तालीम देता. थोरा, तू शिकवलेलं आहे ते. घ्यायचं तर पुरतं घ्यायचं, हे पुढचं वाक्य तू गाळलंस."

सभागृह सांभाळणारा ओव्हे कॉफीची किटली घेऊन मध्येच थबकला होता. तो म्हणाला, "गुडरून, हे... कॉफीनंतर घेतलं तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "तू कॉफी दे. आम्ही घरी जातो."

बाहेर आल्यावर एस्किल्ड भिंतीला टेकला. मी त्याच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"किती दिवस ताप येतोय?"

"संध्याकाळी थोडा."

"आणि मालेनेला काय सांगितलंस? गेल्या आठवड्यात रक्त द्यायला गेलास तेव्हा?"

आतून गाणं सुरू झालं होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

"दोन्ही घेतो म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "तिनं विचारलं, ताप? नाही म्हटलं. ती इतक्या चांगुलपणानं विचारते, गुडरून. तिला नाही कसं सांगायचं? उद्यापासून घेतो ना दोन्ही. गपचूप घेतो. तिला कळायचं काही कारण नाही."

"उद्या सकाळची फेरीबोट," मी म्हटलं. "तू सांगितलंस तर ठीक. नाहीतर मी सांगेन."

"भावाची चुगली करशील?"

"करेन."

सकाळी फेरीबोटीवर तो माझ्याजवळ बसला नाही. डेकवर वाऱ्यात उभा राहिला, अंगात हुडहुडी असताना. मी खाली बसून काळ्या पावाचा तुकडा चावत राहिले. मला एवढंच कळत होतं की झडप फाटली तर मधल्या समुद्रात कुणी काही करू शकणार नाही.

इस्पितळात मालेने खुर्ची ओढून बसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात एस्किल्ड म्हणाला, "लाल मी घेत नव्हतो. तुला खोटं सांगितलं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिनं विचारलं, "पांढरी घेत होतास?"

"ती घेत होतो. न चुकता."

"आहे थोडं नशीब." तिनं श्वास सोडला. "उलटं केलं असतंस, पांढरी सोडून लाल एकटी घेतली असतीस, तर या जंतूनं तिला कधीच तोंडपाठ केलं असतं. मग ती गेलीच हातातून. आता बघू."

रक्त काढलं, घशातून नळी घालून हृदयाचं चित्र घेतलं. उत्तर यायला वेळ लागला. आलं ते वाईट आलं. जंतू रक्तात परतला होता. घरटं पुन्हा वाढलं होतं. सर्जन येऊन पाहून गेला. पण जंतू निर्ढावला नव्हता, औषधांना अजून भीत होता. मालेने म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. दोन बाटल्या, इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. हे चाललं तर झडप वाचेल. नाही चाललं तर छाती उघडावी लागेल, आणि तुझ्या आत्ताच्या ताकदीत मला ते नको आहे."

"गोळ्यांवर घरी..." एस्किल्डनं सुरुवात केली.

"नाही. तेव्हा तुझ्या शब्दावर सोडलं होतं."

एवढंच. सुई टोचताना न कळवळणारा माझा भाऊ त्या वाक्याला भिंतीकडे तोंड करून झोपला.

ते दिवस मी खारं पाणी उकळून मीठ काढायचं माझं काम मैत्रिणीवर टाकून फेऱ्या मारत काढले. बेटावर माझ्याशी लोक नीट बोलत होते, म्हणजे हवेबद्दल बोलत होते. शेवंडांचा हंगाम भरात होता. बोटी जात-येत होत्या, एस्किल्डची तेवढी बांधलेली. ताप आधी हटेना. मग एक दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रक्त स्वच्छ आलं, पुन्हा तपासलं, पुन्हा स्वच्छ. घरटं आकसत गेलं. झडप थोडी गळकी झाली होती, ती तशीच राहणार. पण छाती उघडायची गरज नाही, असं सर्जननं स्वतः येऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात थोरा आली. इस्पितळात, कोट घालून, पर्स मांडीवर धरून खुर्चीच्या टोकावर बसली. या वेळी केक नव्हता.

"मला ते तसं माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मला माहीत होतं," एस्किल्ड म्हणाला. "तरी केलं. तू बरं म्हणावंस म्हणून."

थोरा पर्सची कडी उघडत-मिटत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तू मला बाजूला घेऊन सांगू शकली असतीस, गुडरून. सगळ्या गावासमोर कशाला?"

"शाबासकी गावासमोर दिलीस ना?"

"हो."

"मग."

जाताना तिनं एस्किल्डच्या पांघरुणाची चुणी सरळ केली, दोनदा. माफी काही मागितली नाही. आमच्याकडे तेवढं म्हणजे बरंच झालं.

शेवटचे काही आठवडे उरले होते तेव्हा मालेने पुन्हा खुर्ची ओढून बसली. "एस्किल्ड, मी तुला विचारणार आहे, ठरवायचं तू. राहिलेलं औषध गोळ्यांवर घरी करता येईल. दोन गोळ्या, दोन्ही. हंगाम संपायच्या आत घरी पोचशील. बोटीवर जायचं नाही, पण धक्क्यावर बसायला हरकत नाही. मला वाटतं, आता तू घेशील."

मी त्याच्याकडे बघितलं. किती दिवस खिडकीतून आभाळ बघून वाऱ्याची दिशा सांगत होता हा माणूस. आता उडी मारेल, असं मला वाटलं.

तो म्हणाला, "तुझा विश्वास आहे?"

"आहे."

"माझा नाही." त्यानं हातातल्या नळीकडे बघितलं. "मला इथेच ठेव, मालेने. घरी लोक फार चांगले आहेत."

मालेनेनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती उठली, आणि रिकाम्या झालेल्या बाटलीच्या जागी नवी लावायला परिचारिकेला हाक मारली.